शेवटच्या एसटीसाठी कापलेला सीन

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात फिल्मची गुंडाळी आहे आणि ती मी चोरलेली आहे. एका गावातली माणसं सोडली तर हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्यांना सांगायलाही मी फार उशीर केला. बायकोला वाटतं, जुन्या टॉकीजची आठवण म्हणून ठेवली असेल. मुलाला वाटतं, पप्पांना काही टाकवत नाही. मी दोघांना तसंच वाटू दिलं. मुळात मी बोलणारा माणूस नाही. ज्याचं आयुष्य प्रेक्षकांच्या पाठीमागे, बंद केबिनमध्ये, मशीनच्या घरघरीत गेलं, त्याला बोलायची सवय लागणार कुठून? पण या अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला बसलो आणि लक्षात आलं, डबा बाजूला ठेवून मला माझ्या कामाबद्दल काहीच खरं लिहिता येत नाही.

मी सिनेमाचा ऑपरेटर. अमळनेरच्या एका टॉकीजमध्ये लागलो आणि ते बंद पडेपर्यंत तिथेच होतो. टॉकीजचं नाव लिहीत नाही. आज तिथे मंगल कार्यालय आहे, आणि जे झालं त्यात टॉकीजचा काही दोष नव्हता. वडील तेलाच्या गिरणीत होते. मी गिरणीत चिकटावं अशी त्यांची इच्छा. मी चिकटलो केबिनमध्ये. हल्ली जळगावच्या मल्टिप्लेक्समध्ये मशीन बघतो. ‘बघतो’ हा शब्द अगदी बरोबर आहे, कारण तिथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. सिनेमा हार्ड डिस्कच्या डबीत येतो, कुलूप लावून येतो, कुलपाची किल्ली कॉम्प्युटरवर येते. आपण बटण दाबायचं आणि एसी नीट चालतोय का ते बघायचं.

आमच्या वेळी सिनेमा लोखंडी पेटीतून यायचा. भुसावळला वितरकांची ऑफिसं होती, तिथून पेटी गाडीत चढायची आणि अमळनेर स्टेशनवर हमालाच्या डोक्यावर उतरायची. पेटीत सिनेमाची रिळं. केबिनमध्ये मशिनी दोन. एकीवर पहिलं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तो तुम्हाला दिसत नाही, दिसूही नये. ऑपरेटरला दिसतो. दुसरा ठिपका आला की त्याच क्षणी दुसरी मशीन चालू करून पहिली बंद. हात चुकला तर पडदा पांढरा होतो आणि खालून शिट्ट्या येतात. माझ्या कारकिर्दीत असा पांढरा पडदा अमळनेरकरांनी फार कमी वेळा पाहिला. हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण सांगण्यासारखं माझ्याजवळ दुसरं फार नाही.

एकदा मात्र घोळ झाला. सहाव्या रिळाच्या जागी मी सातवं लावलं आणि मग सहावं. मेलेला व्हिलन पुढच्या रिळात जिवंत होऊन हिरोच्या बहिणीला धमकी देऊ लागला. मला वाटलं, आता खुर्च्या तुटणार. तुटल्या नाहीत. शो सुटल्यावर नेहमीचे एक नाना जिना चढून केबिनपर्यंत आले. कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, दर शुक्रवारी पहिला शो त्यांचाच.

म्हणाले, “भाऊ, पिच्चर मस्त शे. तो मरी जास आनि परत येस, ते लई भारी करेल शे.”

त्या दिवशी मला तेव्हाच्या हाणामारीच्या सिनेमांबद्दल जे मत बनवायचं ते कायमचं बनलं. रिळं कशीही लावा, चालतात. ज्या सिनेमाची दोन रिळं अदलाबदल केली तर कळत नाही, तो सिनेमा मी सिनेमा मानत नाही. आजही नवीन सिनेमा आला की मनातल्या मनात हीच परीक्षा घेतो. हल्लीच्या मोठ्या खर्चाच्या सिनेमांतले बरेचसे नापास होतात. आवाज इतका, की खुर्ची हादरते; पण माणूस हलत नाही. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांत एखादी बाई नुसती दार लोटून घ्यायची आणि खाली बसलेल्या हमालांचं शेंगा फोडणं थांबायचं. मी ते ऐकलेलं आहे. ऑपरेटर सिनेमा पडद्यावर कमी आणि लोकांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूवर जास्त बघतो. डोकी स्थिर असली की सिनेमा बसलाय. डोकी एकमेकांकडे वळायला लागली की सिनेमा सुटलाय. नवे सगळेच वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. अलीकडे काही पोरंपोरी फार शांत सिनेमे करतात. कॅमेरा एका जागी ठेवतात आणि माणसाला त्याचं काम करू देतात. ते मला आवडतात. हे वाक्य मी एकदा खोडून पुन्हा लिहिलं, त्याचं कारण पुढे आहे.

आता कापाकापीबद्दल. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं.

आमच्या टॉकीजचा निम्मा प्रेक्षक खेड्यांतला. संध्याकाळचा शो सुटल्यावर त्यांना शेवटची एसटी गाठायची असायची. सिनेमा लांब असला की शेवट सुरू होण्याच्या वेळीच लोक चपला शोधायला लागायचे, आणि दुसऱ्या दिवशी गावात जाऊन सांगायचे की पिक्चर पूर्ण बघू देत नाहीत. म्हणून मालकांचा हुकूम होता की शो गाडीच्या आधी सुटला पाहिजे. लांब सिनेमा ऑपरेटरने छाटायचा आणि पेटी परत जाण्याआधी तुकडे जोडून द्यायचे. हे नियमात बसत नव्हतं, पण खेड्यांवर चालणाऱ्या टॉकीजमध्ये सर्रास व्हायचं. काय छाटायचं हे मालक सांगत नसत. ते माझ्या डोळ्यांवर सोडलेलं होतं.

आणि माझा डोळा चांगला होता. ब्लेडने फिल्म कापून सिमेंटने, म्हणजे फिल्मच्या खास गोंदाने, चिकटवणं कुणालाही येतं. अवघड गोष्ट वेगळी आहे. फिल्मवर चित्र आणि त्या चित्राचा आवाज एकाच जागी नसतात, आवाज थोडा पुढे छापलेला असतो. त्यामुळे चित्र बघून कापलं तर आवाजाचा लचका तुटतो आणि लोकांना कळतं. मी आवाजाला आवाज जुळवून कापायचो. दरवाजा वाजला तिथून दुसरा दरवाजा वाजतो तिथपर्यंत. धुळ्याचे एक जुने ऑपरेटर होते, फार कडक माणूस. एकदा आमच्याकडे शो बघून गेले आणि म्हणाले, “पोऱ्या, तू कुठे कापलं ते मलाही कळलं नाही.” तसं प्रशस्तिपत्र मला पुढे कुणी दिलं नाही.

त्या गर्वातच मी होतो, तेव्हा एक मराठी सिनेमा आला. लहान सिनेमा, मोठं नाव कुणाचं नाही. त्याचं काही शूटिंग आपल्याच भागात, तापीकाठच्या एका गावच्या स्टँडवर झालेलं. पहिला शो मी नेहमीप्रमाणे डोक्यांच्या मागून बघितला. मध्यंतरानंतर एक सीन होता. गावचा स्टँड. एसटी येते, हॉर्न देते, आणि तिथे बसलेला टोपीवाला एक माणूस पहिल्यांदा दिसतो. तो उठतो, दाराशी जातो आणि विचारतो, “कंडक्टर भाऊ, यामां मना पोऱ्या उना का?” कंडक्टर मान हलवतो, मुलगा आलेला नाही. तो माणूस परत जागेवर येऊन बसतो. आणि बसून राहतो. नुसता बसून राहतो. मग पुढची एसटी हॉर्न देते, आणि त्यातून हिरो उतरतो. कथेत त्या टोपीवाल्याचं पुढे मागे काही नाही.

खाली कुणीतरी जांभई दिली. एकाने ओरडून विचारलं, “अरे, मशीन बंद पडनं का?” हशा झाला. माझं मत तयार झालं. सिनेमा इथे सुटतो. आणि शो तसाही लांबत होता. हॉर्नपासून हॉर्नपर्यंत मी तो सीन सफाईने काढला. संध्याकाळी लोकांना वेळेवर गाडी मिळाली. मालक खूश. तुकडा गुंडाळून मी बिस्किटाच्या डब्यात ठेवला.

त्या आठवड्याच्या रविवारी दुपारच्या शोला दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली. ट्रॉलीत बाया, लेकरं, म्हातारे. पुढच्या ट्रॅक्टरवर सरपंचांच्या शेजारी पांढरी टोपी घातलेला एक माणूस अवघडून बसला होता. गॅलरीतून खाली बघताना मी त्याला लगेच ओळखलं. हा माझ्या डब्यातला माणूस.

त्याचं नाव लोटनभाऊ. गावच्या स्टँडवर पंक्चर काढायचं दुकान. सिनेमावाले आले तेव्हा त्यांच्या जीपचं पंक्चर त्याने काढून दिलं. दिग्दर्शकाने त्याला बसलेलं पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही असेच बसा, आणि एसटी आली की एवढं एक विचारा. एवढंच. पण गावासाठी ती गोष्ट साधी नव्हती. सरपंचांच्या हातात झेंडूचा हार होता. पडद्यावर लोटनभाऊ दिसला की टॉकीजमध्येच त्याला घालायचा, असं ठरवून आले होते.

तेव्हा माझ्या हातात वेळ होता का? होता. मध्यंतरापर्यंतचा सगळा वेळ होता. जोड द्यायला मला कितीसा वेळ लागणार? पण मी हललो नाही. का हललो नाही याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. जोडला तर शो लांबेल, मालक विचारतील, हे एक. पण खरं सांगू? मनात असंही होतं की माझा कट बरोबर आहे. एका गावासाठी मी माझा कट का बिघडवू?

मध्यंतर झालं. पहिला हॉर्न वाजला. खाली सगळं गाव खुर्च्यांच्या टोकावर. कुणीतरी म्हणालं, “आते येई, आते येई.” आणि एसटीतून हिरो उतरला.

डोकी एकमेकांकडे वळली.

“ओ लोटनभाऊ, तू कोठे शे रे?”

“थांबा ना, पुढे येई.”

शेवटपर्यंत सगळे थांबले. पडद्यावर नावं वर सरकायला लागली तरी थांबले. मग दिवे लागले. सरपंचांनी हार कुणाला दिसणार नाही असा खुर्चीखाली ठेवला. झाडूवाल्या मावशींना तो नंतर सापडला. तेवढ्यात एक पोरगं मोठ्याने म्हणालं, “हिरो, तुनं डोकं तरी दखाडतात!” आणि गाव हसलं. लोटनभाऊही हसला. त्याची बायको हसली नाही.

सरपंच मालकांकडे गेले. मालकांनी मला बोलावलं. लोटनभाऊ तिथेच टोपी हातात घेऊन उभा. मालक म्हणाले, “काय रे, यांचा सीन होता म्हणतात.”

मालकांना ठाऊक होतं मी छाटतो. पण काय छाटतो ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “आपल्या प्रिंटमध्ये नाही साहेब. मुंबईलाच काढला असेल. मोठे लोक कुणालाही बसवतात, मग काढून टाकतात.”

लोटनभाऊ मलाच म्हणाला, “जाऊ द्या भाऊ. तुमी काय करशात?”

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण पेटी परत जायच्या दिवशी मी तो तुकडा जोडला नाही. खानदेशात फिरणारी ती एकच प्रिंट पुढे धुळ्याला जाणार होती. तिथे तो सीन दिसला असता, कुणा पाहुण्याने गावात जाऊन सांगितलं असतं आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून डबा घरी आणला. म्हणजे नुसतं अमळनेरला नाही, खानदेशात कुठेच तो माणूस पडद्यावर आला नाही. सिनेमा लवकरच पडला. टीव्हीवर कधी आला नाही. हल्ली मोबाईलवर जगातलं सगळं मिळतं म्हणतात, हा मिळत नाही. मी शोधलेला आहे.

गावात त्याचं नाव ‘हिरो’ पडलं, हे मला पुढे प्रेक्षकांकडूनच कळत राहिलं. ‘हिरोना दुकानवर’ पंक्चर काढून आणलं, असं लोक सहज बोलायचे. काहींचं म्हणणं, त्याने शूटिंगची थापच मारली होती. जीपचं पंक्चर काढलं एवढंच खरं. मी ऐकायचो आणि मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलायचो.

टॉकीज बंद पडलं, मी जळगावला आलो, मुलगा शिकला. डबा दर वेळी घराबरोबर हलला.

गेल्या उन्हाळ्यात जळगावातच, मेहरूणला, सिनेमाची आवड असलेल्या तरुण मंडळींनी मला बोलायला बोलावलं. जुना ऑपरेटर म्हणून. एक शांत सिनेमा दाखवला, नवीन. त्यात एक म्हातारी ओट्यावर बसून कुणाची तरी वाट बघते, बराच वेळ. हॉलमधली सगळी डोकी स्थिर. माझंही. नंतर मी त्या सीनचं तोंड भरून कौतुक केलं. म्हणालो, दिग्दर्शकाला धीर आहे.

एका मुलीने विचारलं, “काका, हा सीन तुमच्या टॉकीजमध्ये चालला असता का?”

मी म्हणालो, “चालला नसता. मीच कापला असता.”

सगळे हसले. टाळ्याही वाजल्या. घरी येऊन मी डबा उघडला. आंबूस वास आला, व्हिनेगरसारखा. फिल्म कुजायला लागली की असा वास येतो. इतकी वर्षं मी समजत होतो की डबा बंद आहे तोवर निदान वस्तू सांभाळलेली आहे. तीही सांभाळलेली नव्हती.

दुसऱ्या रविवारी एसटीने गेलो. लोटनभाऊ आता लोटन आबा झालेत. दुकान नातू चालवतो. आबा ओट्यावर बसलेले, डोळ्यांना अंधुक दिसतं. त्यांच्या बायकोला, जिजाअक्कांना, अजून स्वच्छ दिसतं.

“कोन शे?”

“आबा, मी अमळनेरना टॉकीजना ऑपरेटर.”

“बस ना भाऊ. चहा ठेव वं.”

चहा यायच्या आत सांगून टाकलं, नाहीतर चहा पिऊन उठून आलो असतो, मला मी ओळखतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे मी खोटा नही व्हतू.”

“नाही आबा. खोटा मी होतो.”

“ते माले आधीपासून माहीत शे, मी खोटा नही ते. पन गावले माहीत नही ना.”

जिजाअक्का दारात कप घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “मना मानूस तू बिस्किटना डबामां कोंडी ठेवा व्हता?” आणि कप माझ्यापुढे न ठेवता कोनाड्यात ठेवला.

मी डबा उघडला. गुंडाळीचं बाहेरचं टोक जपून सोडवलं आणि दाराच्या उजेडात धरलं. आबांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. एवढ्याशा चौकटी, त्यांना काही दिसेना. अक्कांनी पदराने हात पुसले आणि टोक हातात घेतलं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा रागीटच होता.

“हाऊ ते तूच शे,” त्या एकदम म्हणाल्या. “हाई टोपी मी धुयेल व्हती. सकायमां. नीळ जास्ती पडनी व्हती.”

“बसेल शे का मी?”

“बसेल शे.”

“मंग?”

“मंग काय? बसेल शे. बेस बसेल शे.”

नातू मोबाईल घेऊन आला. म्हणाला, आजोबा, याचे फोटो काढून मोठे करून दाखवतो. आबांनी हाताने थांबवलं.

“मोबाईलमां नको.” मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “माफी घीसन मी काय करू भाऊ? तू माले सीन दखाड. गावमां पडदा बांध. बठ्ठा गावले दखाड.”

परत निघताना अक्कांनी कोनाड्यातला चहा पुन्हा गरम करून दिला. उभ्याउभ्या प्यायलो.

तेव्हापासून मी त्या गुंडाळीच्या मागे आहे. आतले वेढे एकमेकांना चिकटलेत. ओढले तर चित्र निघून येतं. फिल्म आकसलीय, त्यामुळे जुनी मशीन कुठे मिळाली तरी तिच्या दात्यांवर बसणार नाही. पुण्याला एक तरुण असल्या फिल्मा सोडवतो. त्याने टोक तपासलं आणि सांगितलं, बहुतेक निघेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. मी त्याला म्हणालो, हॉर्नपासून हॉर्नपर्यंत पाहिजे, मध्ये तो एक प्रश्न आहे, तो ऐकू आला पाहिजे. तो म्हणाला, “काका, कट फार सुंदर मारलाय कुणीतरी. कडा बघा.” मी कडा बघितल्या. आत कुठेतरी बरं वाटलं, हेही लपवत नाही.

पडदा बांधायची मला चिंता नाही. जयंतीला आमच्या वस्तीत पडदा मीच बांधतो, वारा आला तरी माझा पडदा फडफडत नाही. आबांच्या गावची मराठी शाळा मी बघून आलोय, मैदान चांगलं आहे, समोर चिंच आहे तिला दोरी बसेल. त्या दिवशी ट्रॅक्टरवर आलेले पुष्कळ जण आता नाहीत. सरपंच नाहीत. ‘डोकं तरी दखाडतात’ म्हणणारं ते पोरगं आज गावचं पोलीस पाटील आहे, त्याला मी भेटून आलोय.

मी माझ्या कामात चांगला होतो. ते खोटं नाही, आणि या लेखात ते मी कमी करून सांगितलेलं नाही. पण लोटन आबांना त्यांचा सीन दाखवायचं देणं मी लागतो: पडद्यावर, आवाजासकट, गावासमोर, आणि त्यांना दिसतंय तोवर. अजून दाखवलेला नाही.